डावीकडे चढणारा उजेड

"नापास," हातमोजे काढत बर्ट फोवर्ग म्हणाला. "हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब? सरळ नापास, विनी."

"एप्रिल शहाऐंशीनंतर रस्त्यावर आलेल्या गाड्यांना तो नियम," विनीबाई म्हणाल्या. "माझी फेब्रुवारी पंच्याऐंशीची आहे. उगाच घाबरवू नकोस."

"ते मला ठाऊक आहे गं. तुला ठाऊक आहे का ते बघत होतो."

शाळेत दोघं एका बाकावर बसत, आणि तेव्हापासून बर्टची ही खोड गेलेली नव्हती. इंग्लंडातल्या एली गावाच्या उत्तरेकडच्या त्या सपाट, पाणथळ मुलखात गाड्यांची वार्षिक तपासणी त्याच्याच गॅरेजात होई. उजेडाची रेघ तपासायची चाकांवरची पेटी त्याने ढकलत दिव्यासमोर आणली.

"पण उजेड वेडावाकडा पडला, तर राजाची गाडी असली तरी सोडणार नाही, सांगून ठेवतो. या बल्बांचं तेच तर दुखणं. जुन्या बल्बातली तार जिथे होती, तिथेच याचा ठिपका यायला हवा. केसभर सरकला की समोरच्याचे डोळे दिपतात."

नापास होणं विनीबाईंना परवडणारं नव्हतं. तीन गावांच्या प्रार्थनाघरांत त्या ऑर्गन वाजवत आणि बस तर एकाही गावाला जात नव्हती. जुन्या पिवळ्या उजेडात हल्ली त्यांना नीट दिसत नसे. मुलगा ग्लेन विम्याच्या कंपनीत होता, अपघातांचीच भाषा बोलायचा. नवे बल्ब विम्यावाल्यांना कळवले का, हे त्याने दोनदा विचारलं होतं. "गाडी पास झाली, तर शनिवारी मी शेजारी बसतो," तो म्हणाला होता. "नीट चालवलीस तर ठेव. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

पेटीच्या पडद्यावर उजेडाची रेघ उमटली. सुरीने कापावी तशी सरळ, आणि डावीकडे कडेचं गवत दिसावं म्हणून वर चढलेली.

"झकास!" बर्ट म्हणाला. मग तो वाकला. "काचेवर काय चिकटलंय?"

चढत्या उजेडात एक बारीक, उभी सावली होती. बर्टने काच पुसली. सावली तिथेच. त्याने बल्ब काढून पुन्हा बसवला, तेव्हा ती गेली.

"झाली पास," तो म्हणाला, पण जरा वेळाने.

गुरुवारी दुपारी धुकं उतरलं. विनीबाई कालव्याकाठच्या रस्त्याने परतत होत्या. तिकडच्या रिवाजाप्रमाणे एक काच खाली केलेली, गाडी पाण्यात गेलीच तर बाहेर पडता यावं म्हणून. नजर डाव्या कडेच्या गवतावर. धुक्यात तिकडे सगळे असंच चालवतात. त्यांच्या वडिलांनीही हेच शिकवलं होतं की रस्ता दिसेनासा झाला की गवत सोडायचं नाही.

नव्या उजेडात गवताची पातीन् पाती दिसत होती. विनीबाईंना हसूच फुटलं. इतकं स्वच्छ त्यांना कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. आणि त्या उजेडात, धुक्यावर, एका उंच माणसाची सावली चालत होती. हातात लांब काठी, पूर्वी चर ओलांडायला लोक वापरत तसली. पावलं सावकाश पडत होती, पण गाडीच्या वेगाशी बरोबर जमत होती.

घरी येऊन त्यांनी दोन्ही दिव्यांच्या काचा पुसल्या. काचांवर काही नव्हतं. ग्लेनला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. डोळे बिघडले म्हणाला असता, आणि किल्ली गेली असती.

शनिवारी धुकं आणखी दाट. चार वाजताच अंधारलं होतं. ग्लेन पट्टा आवळून शेजारी बसला.

"आई, आज नको."

"प्रार्थनाघरात तीस माणसं गायला थांबलीत माझ्यासाठी. बस गप."

खाली केलेल्या काचेतून पाण्याचा वास येत होता. मैलभर गेल्यावर ग्लेन पुढे झुकला.

"दिव्यावर काय चिकटलंय तुझ्या?"

विनीबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हणजे यालाही दिसतंय! "तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"माणसासारखं वाटतंय," तो म्हणाला, आणि मग त्याने तो विषय सोडला.

सावली डाव्या कडेने चालत होती. काठी टेकत होती, उचलत होती.

एका ठिकाणी ती थांबली.

मग रस्ता ओलांडून उजवीकडे गेली.

विनीबाईंचे हात गवताकडे ओढ घेत होते. सगळ्या आयुष्याची सवय ती. तरी त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

"आई! गवत सोडलंस! कुठे चाललीस?"

"गप्प!"

चाकं उजव्या कडेच्या चिखलात घसरली, फिरली, पुन्हा डांबराला लागली.

ग्लेनने डावीकडे पाहिलं. गवताची कड तशीच पुढे जात होती, सरळ, हिरवीगार. तिच्या अलीकडे डांबर नव्हतं. अर्धा रस्ता खचून गेला होता आणि खाली काळं पाणी हलत होतं.

गावाचे दिवे दिसले तेव्हा ग्लेनचा आवाज फुटला. "चालव तू. नव्वदीपर्यंत चालव. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

त्या संध्याकाळी विनीबाईंनी ऑर्गन असा वाजवला की खिडक्यांची तावदानं थरथरली. ग्लेनने पोलिसांना फोन करून रस्ता बंद करायला लावला, नंतरच्या जेवणात वाटाण्यांसोबत मांसाचं सारण भरलेली पाई दोन प्लेट खाल्ली आणि भेटेल त्याला आईचा पराक्रम ऐकवला. बर्टही तिथे होता. त्याने दहा जणांना तरी सांगितलं, की ते दिवे पास मी केले! विनीबाई राणीसारख्या मधोमध बसल्या होत्या. इतकं सुख त्यांना फार दिवसांनी लाभलं होतं.

ते लांबच्या, आतल्या रस्त्याने परतले. धुकं विरलं होतं. अंगणाच्या फाटकाशी विनीबाईंनी गाडी थांबवली. समोर त्यांच्या स्वतःच्या गॅरेजचं पांढरं दार उजेडाने न्हाऊन निघालं होतं.

"थांब, मी उघडतो," म्हणत ग्लेन उतरला आणि शीळ घालत गाडीच्या पुढे गेला.

फाटकाच्या गजांची सावली दारावर पडली होती, एकेक गज वेगळा. कडीचीसुद्धा पडली होती. ग्लेन दोन्ही दिव्यांच्या बरोबर मध्ये उभा राहून कडी काढत होता, आणि त्याच्या मागचं दार कोरं होतं. त्याची सावली कुठेच नव्हती.

त्याने कडी काढली. आता तो दाराकडे वळणार होता.

विनीबाईंनी दिवे बंद केले.

"आई, अगं दिसत नाहीये मला!" अंधारातून तो हसत म्हणाला. "लाव ना दिवे."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू ये इकडे. हात दे मला, आपण असंच जाऊ."