हवालदाराने कारलं अडवलं

चंद्रावरच्या वसाहतीत त्या सकाळी एक कोडंच पडलं. हरितगृहाचं (काचेखाली केलेल्या शेताचं) दार काही केल्या उघडेना. आत वेलावर पहिलीवहिली कारली लटकत होती आणि दाराशी उभा असलेला यंत्रमानव, ज्याला सगळे हवालदार म्हणत, एकच घोकत होता, "धोका आहे. आत जाता येणार नाही."

केतकीला मात्र मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वसाहतीचा रिवाज असा, की आकाशात पृथ्वी पूर्ण गोल दिसली की नव्याचं जेवण करायचं आणि नव्या पिकाचा पहिला घास सगळ्यांत धाकट्याने घ्यायचा. धाकटी होती केतकी. टोमॅटो रुसले, काकडी सुकली आणि नेमकी कारलीच फोफावली. वरणभात आणि बटाटा सोडून सगळ्याला नाक मुरडणाऱ्या पोरीच्या नशिबी काय यावं, तर कारलं. दार बंदच राहिलं तर बरंच की.

पण मग तिने वृंदाआत्याकडे पाहिलं. आत्या वसाहतीतली वनस्पतिशास्त्रज्ञ. ते वेल तिने जिवापाड जपले होते. पाकिटातलं खाऊन कंटाळलेले सगळेजण त्या कारल्यांकडे डोळे लावून बसले होते, आणि ती पिकून पिवळी पडली की संपलंच. आत्या नुसती काचेतून वेलाकडे बघत होती. केतकीला फार वाईट वाटलं.

"आत्या, कारलं विषारी असतं का गं?"

"छे गं. काल एक तोडून आणलं, तपासलं, थोडं खाल्लंसुद्धा. पण बाहेर येताना हवालदाराच्या संवेदकांना (वास-चव टिपणाऱ्या भागांना) ते कडू लागलं. रानातल्या पुष्कळ विषारी वनस्पती कडू असतात, म्हणून आम्हीच त्याला शिकवलंय, कडू म्हणजे सावध." आत्या जराशी हसली. "तुझी जीभही तेच करते. तिच्यावरच्या रुचिकलिका (चव ओळखणाऱ्या पेशींचे बारीक झुबके) मेंदूला कळवतात, कडू आलंय. मेंदू म्हणतो, थुंक. त्यात तुझी काही चूक नाही."

"मग मोठी माणसं खातात कशी?"

"ओळख होते म्हणून. पुन्हापुन्हा थोडं खाल्लं, काही त्रास झाला नाही, की मेंदू भीती सोडतो. हवालदारही तसाच शिकेल. पण माझ्यावरून नाही, माझी जीभ केव्हाच सरावली. त्याला नको म्हणणारी जीभ हवी."

केतकीने आधी नाक मुरडलं. तरी ती म्हणाली, "मग मी त्याची मास्तरीण."

आणि खेळ सुरू झाला. केतकीने उकडलेल्या बटाट्याची चांद्रगाडी केली, तिला आत्याने काल आणलेल्या कारल्याच्या चकत्यांची चाकं लावली. चाकाचा कण जिभेवर ठेवायचा आणि कसं वाटलं तो चेहरा हवालदाराच्या पडद्यावर काढायचा. पहिला चेहरा इतका वाकडा झाला की आत्याला हसू आवरेना. मिठाने कडूपणा दबतो हे कळल्यावर चाकं तळून, मीठ लावून आली. रोजची गाडी, रोजचा चेहरा. वाकडे चेहरे हळूहळू सरळ होत गेले.

"धोका?" हवालदार दर वेळी विचारी.

"कडू आहे. धोका नाही."

एके दिवशी त्याने विचारलंच नाही. बाजूला सरकून त्याने दार उघडलं.

नव्याच्या जेवणाला सगळी वसाहत जमली. केतकीने घास घेतला, डोळे मिटून चावला. 

"कडूच आहे," ती म्हणाली, "पण माझ्या ओळखीचं आहे." आणि तिने दुसरी चकती उचलली, तशी सगळ्यांनी ताटं पुढे ओढली. आत्याचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी आत्याने पेरणीसाठी बियांची नवी पुडी उघडली. हवालदाराने वास घेतला. दार उघडंच राहिलं.

"अनोळखी आहे," तो म्हणाला. "केतकी, ओळख करून देशील?"

केतकीने पुडी हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "शेपू वाटतं," ती म्हणाली. "चल, आधी लावू तर खरं."