सातव्या बोल्टवरची रेघ

मल्लेश्वरमच्या पंधराव्या क्रॉसवर आमचं घर आहे. खाली गाडी ठेवायची जागा, वर आम्ही दोघं, मी आणि माझी मुलगी सुप्रीता. यंदा गणपती झाल्यापासून खाली गाडी नव्हती, गाडीचे तुकडे होते. दोन सीटची, लाल, जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार. जयनगरच्या एका डॉक्टरांनी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली ठेवलेली सुप्रीताने उचलून आणली आणि म्हणाली, "अप्पा, इंजिन तुम्ही बांधायचं."

होसकोट्याच्या पुढे एका खाजगी पट्टीवर रविवारी सकाळी हौशी लोक घड्याळ लावून गाड्या पळवतात. तिला तिथे पळायचं होतं. नवे पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड, टर्बो, सगळं तिने मागवलं. माझ्या वयाचे लोक सकाळी देवळात जातात, मी तेलात हात घातला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

इंजिनांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, तीही होसकोट्यालाच. आता तो कारखाना बंद आहे. तिथे एक शिस्त होती. ज्याने बोल्ट आवळला त्याने बोल्टच्या डोक्यावरून खालच्या रॉडपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. मग दुसऱ्या माणसाने तो आपल्या हाताने तपासायचा आणि शेजारी पांढरी रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट सैल पडला, की डोकं फिरतं आणि रेघ तुटलेली दिसते. पहिला हात आणि दुसरा हात. पहिल्याने स्वतःच दुसरा व्हायचं नाही, एवढीच मेख होती.

घरी दुसरा हात कुठून आणणार? मी पिवळ्या रंगाची बाटली काढली आणि एकट्यानेच कामाला लागलो. इंजिन उलटं करून स्टँडवर टांगलं होतं. चार रॉड, प्रत्येकाला दोन बोल्ट, म्हणजे आठ. टॉर्कचा पाना ठरलेल्या जोरावर 'कट्' असा वाजतो. माझ्या हिशोबाने आठ वेळा कट्, आठ पिवळ्या रेघा. वर फडकं टाकून मी जेवायला गेलो आणि तासभर पडलो.

तीन वाजता खाली येऊन फडकं काढलं. सहा बोल्टांवर पिवळीच्या शेजारी पांढरी रेघ होती.

सुप्रीता ऑफिसला गेलेली. खालच्या शटरची किल्ली माझ्या कमरेला. आणि घरात पांढरा रंग नव्हता, कारण अकरा वर्षांपूर्वी पांढऱ्याची बाटली मीच फेकून दिली होती.

माझा स्वभाव घाबरण्याचा नाही, मोजण्याचा आहे. मी रेघा मोजल्या. तिसऱ्यावर आणि सातव्यावर पांढरी नव्हती. तिसऱ्याला पाना लावला, तर पाना वाजायच्या आधी बोल्ट बराच फिरला. सकाळी त्याच वेळी फोन आला होता, आता आठवलं. आवळायचा राहिला आणि रेघ मात्र ओढली गेली. माझ्यासारख्या माणसाला ही लाज वाटण्याजोगी चूक होती. मी तो आवळला, जुनी रेघ पुसून नवी ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्यावर पांढरी रेघ आली.

मग मी भिंग घेऊन बसलो. प्रत्येक पांढरी रेघ खाली येऊन टोकाला जराशी डावीकडे वळत होती. अशी आकडी मी एकाच माणसाच्या हाताची पाहिली आहे. प्राणेश डावखुरा होता. वीस वर्षं तो माझा दुसरा हात होता. डबा उघडण्याआधी हात धुवून नखं तपासणारा, कुणाच्या अध्यात नसलेला माणूस. तो कारखान्यातच गेला, अकरा वर्षांपूर्वी.

संध्याकाळी सुप्रीताला विचारलं, "खाली तू काही रंगवलंस का?"

"मी कशाला रंगवू? तुम्हीच रंगवून विसरत असाल. स्वल्प आराम करा, अप्पा."

ही शक्यता मी धरून चाललो होतो. रोज दुपारी उठल्यावर डाव्या हाताची बोटं उजेडात धरून बघायचो. रंग नसायचा. दोन दिवस झोपलोच नाही, जिन्यावर खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसलो. मी बसलेलो असताना काही होत नसे. पाणी प्यायला उठलो आणि परतलो, तर फडक्याची घडी बदललेली. मी टाकतो तशी चौकोनी नाही, प्राणेश घालायचा तशी तिकोनी.

सातव्यावर मात्र रेघ येईना. पाना लावला, लगेच वाजला. सैल करून पुन्हा आवळला. मग बोल्टच बदलला, नवा घातला, आवळला, पिवळी ओढली. बाकीच्या सात पांढऱ्या रेघा जागच्या जागी आणि सातवा तसाच. जेवणावरचं लक्ष उडालं. ताटावरून उठून खाली जाऊन बघायचं, पुन्हा येऊन बसायचं, आमटी गार.

असा आठवडा गेला. इंजिनाचं खालचं झाकण मी लावत नव्हतो, आणि झाकण लावल्याशिवाय इंजिन गाडीत जात नव्हतं.

"अप्पा, दसऱ्याच्या आधीच्या रविवारचं नाव दिलंय मी," सुप्रीता म्हणाली. "बोल्ट घट्ट आहे असं तुम्हीच म्हणता. मग अडलंय कुठे?"

"दुसऱ्या हाताची रेघ नाही त्याच्यावर."

"मग ओढा की तुम्हीच एक."

मी ओढली होती, एकदा, आणि एक नाही, आठ.

अकरा वर्षांपूर्वी, आयुधपूजेचा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी यंत्रं पुसून, हार घालून पूजा होते, कोहळा फोडतात. कारखान्याच्या साहेबांना पूजेनंतर लगेच नवं इंजिन सगळ्यांसमोर चालू करून दाखवायचं होतं. मी बोल्ट आवळून बसलो होतो आणि प्राणेश फुलं अन् कोहळा आणायला बाजारात गेला होता. त्याची बाटली तिथेच होती. उशीर नको म्हणून मी डाव्या हातात ब्रश धरला आणि आठ पांढऱ्या रेघा ओढल्या, आकडीसकट. झाकण लावून टाकलं. त्याला सांगितलं, की आज तपासणी दुसऱ्या कुणीतरी केली. त्याने मान डोलावली, कोहळा फोडला आणि इंजिनाशेजारी हात जोडून उभा राहिला. चौथ्या मिनिटाला एक रॉड सुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, प्राणेश उभा होता त्याच बाजूने.

चौकशीत इंजिन उघडलं. बोल्टांवर त्याची रेघ. म्हणजे त्यानेच तपासलं, त्याचीच चूक, असं लिहिलं गेलं. मला विचारलं, रेघ त्याचीच ना? मी म्हणालो, हो. त्याची बायको धनलक्ष्मी बाहेर बाकावर बसली होती, तिलाही तेच सांगितलं गेलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायको होती तेव्हा तिलाही नाही.

आता प्राणेश माझ्या घरात रोज दुपारी माझं काम तपासत होता. मदत करत होता की कसली वाट बघत होता, मला कळत नव्हतं. एवढं कळत होतं, की त्या इंजिनामागे माझी मुलगी बसणार आहे आणि सात नंबर त्याला पसंत नाही.

गुरुवारी दुपारी फडकं काढलं, तर सातव्यावर पांढरी रेघ होती.

स्टँडला धरून मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "उपकार झाले रे." नेहमीप्रमाणे आठही बोल्टांचे फोटो काढले, तासाभरात झाकण लावलं. संध्याकाळी सुप्रीता ऑफिसातून लवकर आली होती, ती जिन्यावर उभी राहून हसत होती. मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात इंजिन गाडीत गेलं. पहिल्या चावीला लागलं. यलहंकापर्यंत रोज हळूहळू चालवून आणलं, आवाज अगदी शिलाई मशीनसारखा. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला सुप्रीता निघाली. त्या दिवशी पहिल्यांदा गाडीला पूर्ण जोर द्यायचा होता.

मी चहा घेऊन बसलो आणि सहज फोनमधले फोटो बघू लागलो. एक, दोन, तीन. सातव्यापाशी आलो आणि फोटो मोठा केला.

ती रेघ सरळ होती. टोकाला आकडी नव्हती. आणि ती रंगाची नव्हती, चकचकीत होती.

मी तिच्या खोलीत गेलो. आरशापुढे पांढऱ्या नेलपॉलिशची बाटली होती.

फोन लावला. तिसऱ्या घंटेला तिने उचलला.

"सातव्यावरची रेघ तू ओढलीस?"

"अप्पा, रागावू नका. तुम्ही जेवत नव्हता, झोपत नव्हता. बोल्ट तर घट्टच होता ना? तुम्ही आंघोळीला होता तेव्हा किल्ली घेतली, ऑफिसला जाताना ओढली."

"गाडी थांबव."

"थांबलेच आहे."

"का? काय झालं?"

"काही नाही. तुमच्या जुन्या फॅक्टरीच्या गेटापाशी एका अंकलनी हात दाखवला. सुरू झाली का हो फॅक्टरी परत?"

मी परत चहापाशी येऊन बसलो.

"कसे आहेत ते?"

"निळा कोट घातलाय. गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटला हात नाही लावला, नुसतं ऐकलं." तिचा आवाज खाली आला. "अप्पा, ते विचारताहेत, सात नंबरची रेघ कुणाची? तुम्ही ओळखता का यांना?"

"तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. माझी म्हणून."

"मग?"

"ते म्हणाले, सरी, ठीक आहे. आणि त्याआधीच्या आठ कुणाच्या?" मग तिने मला विचारलं. "कुठल्या आठ, अप्पा?"

चहावर साय धरली होती.

"अप्पा, ते उभे आहेत. काय सांगू?"

"सांग," मी म्हणालो, "माझ्या."

तिने ते कन्नडमध्ये सांगितलं. मला ऐकू आलं. मग नुसता रस्त्यावरच्या लॉऱ्यांचा आवाज.

"गेले," सुप्रीता म्हणाली. "गेटातून आत गेले. पण अप्पा, गेटाला कुलूप आहे."

गाडी ट्रकवर घालून घरी आणली. दुपारी मी खालचं झाकण उघडलं. सातव्या बोल्टवरची नेलपॉलिशची रेघ तुटली होती. वरचा तुकडा खालच्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता. मी बोल्टाला हात लावला, तो बोटांनी फिरला. सुप्रीता शेजारी उभी होती. तिने पाहिलं आणि पायरीवर जाऊन बसली. मग तिला सगळं सांगितलं, आयुधपूजेपासून. ती उठून एकटीच वर गेली, आणि ते फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी जयनगरला धनलक्ष्मीबाईंकडे गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी लगेच ओळखलं, "या विश्वेश्वरराव," म्हणून बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. आम्ही कन्नडमध्येच बोललो. मी सुरुवात केली ती शेवटपर्यंत थांबलो नाही. गेटापाशी काय झालं ते मात्र सांगितलं नाही, तेवढी हिंमत नव्हती.

धनलक्ष्मीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या, "रोज दिवा लावताना मी त्यांना बोल लावला. निष्काळजी म्हणून."

मी खाली मान घालून बसलो. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्या परत आल्या तेव्हा हातात निळा कोट होता, अजून दमट.

"ह्यांचा आहे. पेटीत असतो. वर्षातून एकदा आयुधपूजेला काढून धुते," त्या म्हणाल्या. "यंदा गणपती झाल्यावर सहज काढला, तर ही डावी बाही तेलकट. तेव्हापासून रोज सकाळी धुते, दुपारनंतर बघावं तर पुन्हा तेल. आज मात्र सकाळी धुतला तो अजून स्वच्छ आहे, फक्त कफाशी हा एवढा पांढरा डाग."

त्यांनी बाही माझ्या पुढे धरली.

"तुम्हाला यातलं कळतं. हा कशाने निघेल?"