क्लचवरचा हात

मोटारसायकल घ्यायची ठरली ती केवळ सोयीसाठी. मलकापूरच्या पुढे एका दवाखान्यात मला लॅब टेक्निशियनची नोकरी लागली होती, आणि कोल्हापूरहून जाताना एसटी मिळाली तरी येताना मिळेलच असं नव्हतं. बाबा जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मी रडले नव्हते. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी सगळं घर रडत होतं आणि मी आलेल्यांना पाणी देत फिरत होते. आत काही हलतच नव्हतं. आई म्हणाली, कामावर जा. हो म्हटलं. दादा म्हणाला, गाडी शिक. त्यालाही हो म्हटलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, धम्मपाल. शिकताना माणूस पडतंच, तेव्हा जुनीच गाडी बघायची, हे त्याचं मत. पहिली गाडी बघितली ती बाहेरून चकाचक होती. दादानं इंजिनला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आपण यायच्या आधीच तापवून ठेवलीया," तो मला हळूच म्हणाला. "गार असताना सुरू होत नसणार. चल."

दुसरीचं हँडल सरळ धरलं की चाक एका बाजूला बघायचं. तिसरी केर्लीत होती, रत्नागिरी रोडवरून आत वळलं की गल्लीच्या टोकाला. भाऊसो नावाच्या माणसानं तिच्यावरचं जुनं लुगडं बाजूला केलं.

"पोराची हाय," ते म्हणाले. "यशराजची. पावणं, मनात काय आणू नका, गाडीवरनं न्हाय गेला. ताप आला, अन् गेला. गाडीला ओरखडा न्हाय."

इंजिन गार होतं. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. दादा खूश झाला. उंबऱ्यावर भाऊसोंची बायको, आक्काताई, सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या.

"कोण चालवनार?" त्यांनी विचारलं.

"ही. अक्षता, माझी बहीण."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्यावर मी शिकायला लागले. दादा मागे बसायचा. मला क्लच जमेना. सोडला की गाडी हिसका मारून बंद पडायची.

"हळू सोड... अगं हळू! चारी बोटं ठेव त्याच्यावर."

एका संध्याकाळी अशीच गाडी बंद पडत असताना माझ्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. मनगटापासून पुढं काहीच उरलं नाही. हात हँडलवर दिसत होता, एवढंच. मी दादाला ते सांगणार, तोवर क्लच सुटला आणि गाडी निघाली. अलगद, तेलातून सरकावी तशी. दुसरा गियर, तिसरा.

"आता कसं!" दादा मागून ओरडला. थोड्या वेळानं म्हणाला, "दोनच बोटांनी धरतीस होय? ही सवय कुठली?"

मी खाली बघितलं. दोन बोटं क्लचवर होती, दोन मुठीवर. मी तसं काही केलं नव्हतं.

घरी आल्यावरही हात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी त्या हाताच्या बोटात सुई टोचून बघितली. दुखलं नाही. रक्त मात्र आलं. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल, जाईल. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. जे आत होतं तेच आता हातात उतरलं, इतकंच वाटलं.

मग दादा मला रत्नागिरी रोडला नेऊ लागला, वाघबीळपर्यंत आणि परत. पहिल्याच दिवशी येताना केर्लीच्या त्या गल्लीपाशी माझ्या डाव्या अंगठ्यानं हॉर्न दोनदा दाबला. आखूड, आखूड.

"कुणाला वाजवलास?" दादानं विचारलं. रस्ता रिकामा होता.

"मी न्हाय वाजवला."

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी हॉर्न वाजला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी आक्काताई उभ्या होत्या. अनवाणी. पदर तोंडाशी धरलेला. मागून भाऊसो धावत आले आणि त्यांनी आम्हाला हात केला.

"बाई, तेवढा हॉर्न वाजवू नकासा," ते धापा टाकत म्हणाले. "त्यो असाच वाजवायचा... चहा टाक म्हणून. ही चुलीवर आधण ठेवून पळत सुटती."

आक्काताईंनी माझा डावा हात हँडलवरून सोडवून घेतला. तळवा उलटा केला. बोटं एकेक करून चाचपली. त्या खुदकन हसल्या.

"नखं वाढलीत की रं," त्या हाताला म्हणाल्या.

आम्हाला घरात नेलं. चहा झाला. दिवेलागणीची वेळ होती. आक्काताईंनी फळीवरचं नेलकटर काढलं आणि माझा हात मांडीवर घेतला.

"आता नखं काढू नये गं," भाऊसो पुटपुटले. "आणि पोरगी हाय ती..."

आक्काताईंनी ऐकलं नाही. कट्... कट्... खोलीत तेवढाच आवाज. मला काहीच लागत नव्हतं. पण मी बघत होते. नखं काढून झाली तेव्हा माझा हात वळला आणि त्यानं त्यांचा अंगठा मुठीत धरला. लहान पोर धरतं तसा.

बाहेर पडल्यावर दादाचा चेहरा पांढरा पडला होता. "उद्या गाडी परत करू. पैसे गेले तरी चालतील."

"नको," मी म्हटलं.

"अक्षे, तुला काय वाटतंय का न्हाय?"

मी खरंच विचार केला. "न्हाय," म्हटलं. "पण त्या हाताला वाटत असणार."

दादानं पुन्हा विषय काढला नाही. पुन्हा माझ्या मागेही बसला नाही. लायसन्स मिळालं आणि मी एकटी जाऊ-येऊ लागले. रोज येताना हॉर्न वाजतो. रोज चहा तयार असतो. आक्काताई हात मांडीवर घेतात, खोबरेल चोळतात, दिवसभरातलं काहीबाही त्याला सांगतात. म्हैस आटली. गणपतरावाच्या पोराचं लग्न ठरलं. मी शेजारी बसून असते. भाऊसो आता माझ्याकडे बघायचं टाळतात.

गेल्या सोमवारी आक्काताई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी पहिल्यांदाच हातावरून नजर काढून वर बघितलं. माझ्या तोंडाकडे. बराच वेळ. डोळे भरून आले त्यांचे.

"दाढी वाढलीय की रं..." त्या म्हणाल्या.

भाऊसो उठले आणि परसात निघून गेले.

मी डाव्या हातानं गाल चाचपला. त्या हाताला काय कळणार? उजवा हात मांडीवर होता. त्याला सगळं नीट कळतं. तो मी वर नेला नाही.

अजून नेलेला नाही.