तळहातावरची लव

त्या सकाळी दिल्लीतल्या मुनिरक्याच्या बसस्टॉपवर इतकं धुकं होतं की माणूस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा.

"हात बरा आहे गं आई... काळजी नको करू."

फोनवरचं ते कोल्हापूरकडचं मराठी ऐकून अलकनंदा थबकली. मग तो दिसला. उंच, शांत, उजवा हात कोटाच्या खिशात. "तुम्ही मराठी?" तिने विचारलंच.

त्याचं नाव कृष्णात. फौजेतला, उपचारांसाठी मावसभावाकडे आलेला. ती जवळच्याच संस्थेत पीएचडी करत होती. दुभंगताना पेशी आपली ओळख कशी जपतात, हा तिचा विषय. रोज भेट होऊ लागली. बस लवकर येऊ नये, असं दोघांनाही वाटू लागलं. हात मात्र खिशातच राहायचा.

फेब्रुवारीतल्या कोवळ्या उन्हात एकदा त्याने आपणहून सांगितलं. ट्रकला आग लागली, सोबत्याला बाहेर ओढताना तळहात जळाला. डॉक्टरांनी मांडीची कातडी लावली. पुढे लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी हात पाहिला आणि नकार कळवला.

"आता तळहातावर... लव येते."

"लव?" दिल्लीत वाढलेल्या अलकनंदाला तो शब्द ठाऊक नव्हता. तिला इंग्रजीतलं 'लव्ह' ऐकू आलं आणि गाल उगाच तापले.

"बारीक केस हो," तो हसला, आणि पहिल्यांदाच हात बाहेर काढला.

तिने तो दोन्ही हातांत घेऊन निरखला. मग हलक्या आवाजात समजावलं. शरीरातल्या साऱ्या पेशींत जनुकं तीच असतात, पण कुठली चालू, कुठली बंद, याच्या खुणा वेगळ्या. पेशी दुभंगली की त्या खुणाही नव्या पेशींत उतरतात. म्हणून मांडीची कातडी तळहातावरही मांडीचीच राहते.

"म्हणजे हे असंच राहणार," तो म्हणाला.

"बहुतेक."

बस आली, गेली. कुणीच चढलं नाही.

"आणि... मुलांत उतरेल?"

"नाही. बिल्कुल नाही. या खुणा त्या कातडीपुरत्याच." बोलता बोलता ती अडखळली. "पण... कुणाच्या मुलांत?"

त्याने मान खाली घातली. "सोमवारी युनिटला परत जायचंय. विचारल्याशिवाय जाववत नव्हतं. नाही म्हणालात तरी राग नाही."

अलकनंदाचे डोळे भरून आले. हात तिने सोडला नव्हताच.

"रविवारी बाबा घरी असतात," ती म्हणाली. "या... मीही असेन."