तळ्यावरून आलेली चप्पल

मोबाइल ठेव खाली, शिवम. आरती, ते दार लोट. एकदाच सांगतो. माझा साडू लक्ष्मणराव, मुरुडचा. त्याच्यासोबत घडलं, त्यानंच मला सांगितलं. तो माणूस जन्मात खोटं बोलला नाही.

मागच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीचा शनिवार. मुरुडहून एक दिवसाची सहल निघाली. बिलोलीकडं एका चित्रकारानं माळावर बाग केली आहे, मधोमध कमळांचं तळं. तिथून पुढं जुना राजवाडा. बसमध्ये तेवीस म्हातारी माणसं आणि माहिती सांगायला तनुजा नावाची पोरगी.

लक्ष्मणरावाची बायको यशोदा. त्या तळ्याचं चित्र असलेलं कॅलेंडर तिनं चुलीपाशी टांगलं होतं. वर्ष संपलं तरी काढलं नाही. दर वर्षी म्हणायची, बाग दाखवा. हा म्हणायचा, बाग काय पळून चालली का? भाद्रपदात ती गेली. बाग तिथंच होती. मग हा एकटा निघाला.

तळ्याच्या काठावर तो बराच वेळ उभा राहिला.

राजवाड्यावर पोचायला दिवस बुडाला. आत लाकडी जमीन, म्हणून चपला दारात काढायच्या. वीज गेलेली. तनुजा बॅटरी घेऊन पुढं, मागं सगळे, शेवटी लक्ष्मणराव.

आमच्या पिढीत गडी पुढं चालायचा, बाई दहा पावलं मागं. वळून पाहायची रीत नव्हती. चाळीस वर्षं हा तसाच चालला.

जिन्यावर हा अर्ध्यात होता. बाकीचे वर पोचले. वरून तनुजानं बॅटरी मारली आणि म्हणाली, "आजोबा, थांबा की जरा. आजीला जिना चढवंना झालाय."

त्याच्यामागं कुणीच यायचं राहिलं नव्हतं.

बॅटरी फिरली. अंधार झाला. मागून आवाज आला. लाकडावर जोडव्यांचा. टक्... टक्...

हा थांबला. आवाज थांबला.

वळून पाहिलं नाही. भीतीनं नाही. वळलो आणि ती नसली तर...

तो पायरीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी थांबला. हात मागं केला.

"ये. हळू ये. मी हाय."

बराच वेळ काही नाही.

मग तळहातावर बोटं टेकली. गार. हलकी...

वरून माणसं उतरू लागली. उजेड आला. हात रिकामा होता.

खाली सगळ्यांनी चपला घातल्या. एक जोड उरला. बायकी. तनुजा म्हणाली, "आजोबा, आजीच्या राहिल्या."

"तिला जाऊन चार महिने झाले, बाई."

पोरगी बसमध्ये जाऊन बसली.

लक्ष्मणरावानं जोड उचलला. डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला. नवी घेऊन द्यायची सोडून यानंच बांधला होता. आणि ती जोडी यानंच स्वतःच्या हातानं यशोदेच्या सरणावर ठेवली होती. जळताना पाहिली होती.

मांडीवर घेऊन तो घरी आला. चपलांच्या तळाला तळ्याकाठचा चिखल होता.

आज वर्ष होत आलं. उन्हाळा गेला. चप्पल त्याच्या भिंतीतल्या देवळीत आहे. परवा मी गेलो होतो. बोट लावून पाहिलं.

चिखल ओला आहे.