सातवं जाळं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुण्यात वारज्याला जा. माझा मावसभाऊ तेजस चहा पाजेल, वहीही दाखवेल.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. २००६च्या नोव्हेंबरातला रविवार, दुपारचे साडेतीन.

तेजस हिंजवडीत सॉफ्टवेअरवाला. दर वर्षी सुट्टी टाकून पक्षी-अभ्यासक वैजनाथ सरांबरोबर लडाखला जायचा. बारीक जाळी लावायची, अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, पायात नंबराचं कडं घालून उडवून द्यायचा. सरांचा दंडक एकच. दर अर्ध्या तासानं प्रत्येक जाळं बघायचं आणि निघताना गुंडाळायचं. उघडं राहिलं तर पाखरं अडकून मरतात.

त्या सप्टेंबरात, शेवटच्या संध्याकाळी, सातवं जाळं ओढ्यापलीकडे राहिलं. पाणी हाडं गोठवणारं. तेजसनं कंटाळा केला.

"सातवं गुंडाळलंस ना रे?" जीपमध्ये सरांनी विचारलं.

"हो सर."

सरांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचा त्याच्यावर फार जीव.

पुण्यात परतल्यावर महिन्याभरात सर झोपेतच गेले. त्यांच्या पत्नी यमुनाबाईंनी सरांची पक्ष्यांची नोंदवही तेजसच्या हातात ठेवली. तुझ्याशिवाय कुणाला देऊ, म्हणाल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रविवारी वही टेबलावर होती. आणि...

फडफड.

बाल्कनीत कुणी नाही. पुण्यात असून कबुतरसुद्धा नाही.

चार वाजता पुन्हा...

साडेचारला पुन्हा, पण क्षीण.

पाचला काहीच नाही. तेजस त्या शांततेला जास्त घाबरला.

त्यानं वही उघडली. शेवटच्या नोंदीखाली नवी ओळ होती. सरांचं तिरकं अक्षर... त्याच दिवसाची तारीख.

"जाळं सात. अजून उघडं."

तेजस ढसाढसा रडला. बायकोला, नम्रताला, सगळं सांगितलं. पण ओढ्याकडचा रस्ता बर्फानं बंद झालेला. थेट जूनमध्ये गेला. गार पाण्यातून पलीकडे पोचला.

जाळं गुंडाळलेलं होतं.

सुतळीची दुहेरी गाठ. तशी फक्त सर मारायचे.

सुटलो, असं त्याला वाटलं.

पण तेव्हापासून तेजस दर अर्ध्या तासानं उठतो. मीटिंगमधून, भरल्या ताटावरून. एक फेरी मारतो, परत बसतो. पाय आपोआप उठतात म्हणतो.

परवा नम्रता मला बाजूला घेऊन म्हणाली, "फेरीला तो एकटा नसतो. मागून अजून पावलं वाजतात... तो थांबला, की थांबतात."

तेव्हा चहाला जरूर जा. फक्त अर्ध्या तासाच्या आत निघा.

मी तसाच निघतो.