ट्रेलरची मधली भिंत

घोड्यांच्या ट्रेलरमध्ये माणसांनाही राहायला जागा असते, हे मला माझ्या मुलीमुळे, समतामुळे कळलं. मागे घोडा, पुढे एक पलंग, छोटा ओटा, दोन खिडक्या आणि मध्ये एक भिंत. तो जुना ट्रेलर तिने स्वतःच्या कमाईतून घेतला होता. आतल्या भिंतींना करडी फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड कापड, चिकटवलेली होती, तिला ओल आली होती. सुट्टीत येऊन भिंती नव्या करते, असं सांगून ती ग्रोनिंगन या दूरच्या डच शहरात कॉलेजला परत गेली. पुढच्याच महिन्यात तिथल्या एका चौकात, सायकलवर असताना, तिला ट्रकने उडवलं.

त्याला दोन हिवाळे झाले. ट्रेलर आमच्या फेल्डहोव्हनजवळच्या मनेजमध्ये, म्हणजे तिच्या घोडेस्वारीच्या शाळेत, तसाच उभा होता. शाळा चालवणाऱ्या हानेकेबाईंनी यंदा विचारलं, देणार असाल तर आमच्या मुली वापरतील. माझे मिस्टर, भीमसेन, लगेच हो म्हणाले. भिंती आपण समताच्या मनासारख्या करून देऊ आणि मग घरी पुण्यानुमोदन ठेवू, असं त्यांनी ठरवलं. गेलेल्या माणसाला आपलं पुण्य देऊन निरोप द्यायचा असतो. मला निरोप द्यायचा नव्हता, म्हणून मी ते इतके दिवस टाळलं होतं. शेवटी भिंती झाल्या की मी तयार आहे, असं कबूल केलं. मी रोज पंचशील घेते, खोटं न बोलण्याचं शीलही त्यात आलं. दिलेला शब्द फिरवता येत नाही.

म्हणून मी काम हळू करत होते.

शनिवार-रविवारी आम्ही सकाळीच जायचो. बुद्धवंदना चुकवायची नाही हा माझा नेम. ती मी ट्रेलरच्या ओट्यावर मेणबत्ती लावून, पलंगावर बसून म्हणायचे. वंदनेच्या शेवटी सगळे तीनदा ‘साधु’ म्हणतात. समता लहानपणी तेवढंच म्हणायची, तेही सगळ्यांचं म्हणून झाल्यावर. पुढे आमच्या घरात तशीच पद्धत पडली. दोन माझे, तिसरा तिचा. ग्रोनिंगनहूनही ती फोनवर म्हणायची, “साधु. दूई, आई,” आणि असा डच ‘बाय’ करून तिथल्या मुलींसारखा फटकन फोन ठेवायची. ती गेल्यावरही मी दोनवरच थांबते.

गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने गोंद मऊ करायचा आणि स्क्रॅपरने फेल्ट ओढून काढायची. सुकल्या गवताचा, घोड्याच्या मुताचा, ओल्या लोकरीचा वास सुटायचा. खिडकीबाहेर मक्याच्या कापलेल्या शेतावर धुकं बसलेलं असायचं. बाजूच्या भिंतींना पांढऱ्या फळ्या लागल्या आणि जागा मोठी दिसायला लागली. मग मधली भिंत घेतली. फेल्ट निघाल्यावर खाली उघडं प्लायवूड होतं. मी हात लावला तर ते उबदार लागलं. हीट गनची धग असेल, असं समजून मी पुढे खरवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी हीट गन पेटीतून काढायच्या आधीच ते उबदार होतं. सगळं नाही, पलंगावर निजणाऱ्याचं डोकं जिथे टेकेल, तेवढंच.

मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. भूत-पिशाच्च हे शब्द आमच्या माहेरी-सासरी कुणी उच्चारलेले मी ऐकले नाहीत. भीमसेननी ओलावा मोजायचं यंत्र लावून पाहिलं. भिंत कोरडी होती. पलीकडून ऊन लागत असेल, म्हणाले. मी पलीकडे जाऊन आले. घोड्याची रिकामी जागा, रबराची चटई, गारठा. ऊन कुठेच नव्हतं.

समता ज्याच्यावर बसायची तो घोडा, ब्रूनो, अजून मनेजमध्ये आहे. हानेकेबाईंनी त्याला ट्रेलरच्या मागच्या, चढायच्या फळीपाशी आणला. तो कान टवकारून उभा राहिला, पण आत पाय ठेवेना. आत आधीच कुणी असलं की तो असंच करतो, असं म्हणून त्या हसल्या.

त्या रविवारी मी वंदना म्हटली. दोनदा साधु म्हटलं आणि सवयीने थांबले.

तिसरा भिंतीमागून आला. हळू आणि नेहमीसारखा उशिरा.

भीमसेन बाहेर फळ्या कापत होते. आत आल्यावर त्यांनी विचारलं, का हसतेस? मला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून मी थर्मासमधला चहा ओतत राहिले. त्यानंतर मी कामावर जायच्या आधीही रोज तिथे जायला लागले. तिसरा साधु रोज यायचा. बाकी एक शब्द नाही. मी नावाने हाक मारून पाहिली, तिला आवडायचं ते सगळं बोलून पाहिलं. काही नाही.

आमच्या कंपनीत एवढ्या वेळात चिप बनवायचं अख्खं मशीन जोडून जहाजावर चढतं, असं भीमसेन मला चिडवायचे. पण एका शनिवारी ते माझ्याशेजारी पलंगावर टेकले.

“प्रमिला, एक फळी राहिलीय. समताला मोकळं कर आता.”

मी त्या भिंतीकडे पाहिलं. त्या गारठ्यात, रबराच्या चटईवर, रोज सकाळी माझी वाट बघत माझी मुलगी उभी आहे, असं मनात आलं. तिला मीच तिथे धरून ठेवलंय.

मी वंदना म्हटली. साधु म्हटलं. परत म्हटलं. मग तिसराही मीच म्हटला.

भिंत गप्प होती.

भीमसेननी फळी उचलली. मी खालून आधार दिला. आम्ही ती भिंतीला टेकवणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

“साधु.”

मग परत, “साधु.”

आणि तो थांबला.

ते थांबणं मला माहीत होतं. दोन हिवाळे मी रोज तशीच थांबत आले होते.

मी फळी सोडली आणि दोन्ही हात प्लायवूडवर ठेवले. “साधु,” मी म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. “साधु, बाळा. मी इथेच आहे.”

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग एका पुरुषाचा दमलेला, मऊ, थेट भीमसेनसारखा आवाज मराठीत म्हणाला, “चल समता, फळी लावून टाकू. आई नाहीये गं तिथे.”

मी वळून भीमसेनकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. दोन्ही हातांनी फळी धरली होती आणि मिटलेल्या ओठांत स्क्रू होते.